कानावर विसंबू नका

ज्याचे कान बाहेर दिसतात तो प्राणी पिल्लं घालतो, ज्याचे दिसत नाहीत तो अंडी. खेड्यापाड्यांत हा नियम पोरांना जीवशास्त्राच्या पुस्तकाआधीच पाठ असतो. त्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. गाय, शेळी, कुत्री, उंदीर एकीकडे. कोंबडी, पारवा, पाल दुसरीकडे. उडतं म्हणून वटवाघळाला पक्ष्यांत घालणाऱ्यालाही हा नियम चूक दाखवतो. मग हरकत कसली?

हरकत गावच्या शिवारातच सापडेल. घोणशीला बाहेरून कान नाहीत, तरी ती एका वेळी 20 ते 40 जिवंत पिल्लं घालते, बहुधा पावसाळ्याच्या तोंडाला. आणि ती जन्मतःच विषारी असतात. फुरसं आणि मांडूळही पिल्लंच घालतात. नाग, मण्यार, धामण मात्र अंडी. विंचवाची मादी पिल्लांना जन्म देऊन पाठीवर वागवते. कपाशीच्या पानामागचा मावा तर नराशिवायच पिल्लं घालतो आणि जन्मणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढची पिढी आधीच वाढत असते. म्हणूनच तो बघता बघता शेत व्यापतो.

हे अपवाद आहेत, असं कोणी म्हणेल. पण एकट्या साप-सरड्यांच्या गटात अंडी सोडून पिल्लं घालण्याची रीत स्वतंत्रपणे 100हून अधिक वेळा उदयाला आली आहे. इतक्यांदा घडतं त्याला अपवाद कसं म्हणावं?

मग नियम एरवी जुळतो कसा? कानाची पाळ ही सस्तन प्राण्यांची खूण, आणि सस्तन प्राणी बहुतेक सारे पिल्लं घालतात. खूण म्हणजे कारण नव्हे. डॉल्फिनला पाळ नाही, तरी पिल्लू होतं. ऑस्ट्रेलियातली प्लॅटिपसची मादी दूध पाजते आणि अंडीही घालते.

विचारायचं ते असं : गर्भाची ऊब आणि राखण कोण करतं? अंडी घालणारी सापाची मादी ते काम बहुतेकदा बिळावर सोपवून लवकर मोकळी होते. घोणस पिल्लं पोटात घेऊन उन्हाला येते, सावलीला सरकते. त्यासाठी जड अंगाने कित्येक महिने काढते. दोन्ही सौदेच, नफातोटा वेगळा. पक्षी सरसकट अंडी घालतात हे सांगता येतं. सापांत मात्र दोन्ही सौदे दिसतात, म्हणून त्यांचं जातवार पाहावं लागतं.

कानाचा नियम परीक्षेत बहुतेकदा तारून नेईल. पण बांधावर घोणस दिसल्यावर आसपास अंडी नाहीत म्हणून निर्धास्त होणाऱ्याची चूक एका मार्काची नसते.