पाटीवरचे नऊ

छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीत जालना रोड सोडून आत वळलं की एका शटरवर पिवळ्या रंगात लिहिलेलं आहे : 'मिक्सर, कुकर, टेबल फॅन दुरुस्ती. वेळ सकाळी ९ ते रात्री ९.' खाली मोबाइल नंबर. गेल्या आठवड्यात मिक्सर पिशवीत घालून तिथे गेलो. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. शटर बंद. फोन लावला. "निघालोच काका, दोन मिनिटं."

मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. एक बाई कुकर घेऊन आल्या, शटरकडे पाहिलं आणि पुढे गेल्या. एक मुलगा टेबल फॅन मांडीवर धरून कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून आला. गाडी थांबलीसुद्धा नाही. रिक्षातून उतरलेल्या एका गृहस्थांनी पाटीवरचा नंबर फिरवला, त्यांनाही बहुधा दोन मिनिटंच मिळाली असावीत, कारण ते त्याच रिक्षात परत बसले. टपरीवाला विचारेल त्याला "येतीलच आता" सांगत होता. रोजचंच काम असल्यासारखं.

दहा पन्नासला मालक आले. शटर वर गेलं, उदबत्ती लागली. मिक्सर पुढे करताना मी पाटीवरच्या नऊचा विषय काढला. ते म्हणाले, "सकाळी गिऱ्हाईकच नसतं हो काका. म्हणून जरा आरामात येतो."

हे ते मनापासून बोलत होते. अकराच्या आधी आपल्या दुकानावर कुणी येत नाही, हा त्यांचा अनुभव आहे. अकराच्या आधी ते स्वतः तिथे नसतात, म्हणूनच तो इतका पक्का आहे. कुकरवाल्या बाई, पंखेवाला मुलगा, रिक्षातले गृहस्थ : तिघांची नोंद कुठेच झाली नाही. झाली असेल तर चहावाल्याकडे, आणि त्याला कुणी विचारत नाही.

हेच मालक आधी चौदा वर्षं कंपनीत होते. त्यांनीच सांगितलं. फर्स्ट शिफ्टची बस चौकात यायची, तेव्हा हे तिच्या आधी पाच मिनिटं तिथे उभे. चौदा वर्षांत बस चुकली ती दोनदा. हे सांगताना आवाजात अभिमान होता आणि तो योग्यच होता. पण मग ती सवय कंपनीच्या गेटवरच जमा करून आले की काय? तिथे लेट मार्क लागायचा, पगारात कापला जायचा, कागदावर दिसायचा. इथेही कापलं जातं. फक्त स्लिप मिळत नाही.

'कुणाची चाकरी नको' म्हणून धंदा काढणाऱ्यांची या भागात कमतरता नाही. चिकलठाण्याची एमआयडीसी उशाला आहे. तिथे हात तयार झाला की माणूस गाळा किंवा टपरी बघतो. चांगलंच आहे. पण चाकरी नको म्हणजे घड्याळही नको, असा अर्थ बरेच जण काढतात. भाजीवालीला ही चैन नाही. जाधववाडीच्या भाजी बाजारात हर्राशी तिच्यासाठी थांबत नाही, म्हणून ती उजाडायच्या आत तिथे असते. तिच्या डोक्यावर साहेब नसला तरी बाजार आहे. मिक्सर दुरुस्त करणाऱ्याच्या डोक्यावर कुणीच नाही. नऊ वाजता त्याला घराबाहेर काढणारा माणूस तोच.

कायदाही मदतीला येत नाही. १९४८ च्या दुकान कायद्यात अमुक वेळेआधी उघडू नका, अमुक वेळेनंतर चालू ठेवू नका, अशी बंधनं होती. २०१७ च्या कायद्याने सातही दिवस दुकान उघडं ठेवायची मोकळीक दिली. 'उशिरा उघडू नका' हे दोन्हींत नाही. ते मालकावर सोडलेलं आहे.

"पाणी आलं होतं" हे कारण या शहरात कुणीही मान्य करील. मीही करतो. नळाला पाणी येतं त्या दिवशी घरातला एक माणूस अडकतोच, आणि ते कधी येईल हे कुणाला सांगता येत नाही. पण पाणी कित्येक दिवसांआड येतं. उशीर रोज येतो.

पुण्याच्या चितळ्यांच्या एक ते चार बंद दुकानावर अख्ख्या महाराष्ट्राने तोंडसुख घेतलं. पुढे त्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, तरी बोलणं थांबलं नाही. पण त्या शटरबाहेर पिशवी घेऊन 'आता उघडेल, मग उघडेल' करत कुणी ताटकळलं नाही. बंद म्हणजे बंद आणि चार म्हणजे चार, हे गिऱ्हाइकाला ठाऊक होतं. त्या मानाने आमचे दुरुस्तीवाले उदार आहेत. त्यांचं दुकान सकाळी नऊ ते रात्री नऊ उघडं असतं, फक्त पाटीवर.

मिक्सर त्यांनी वीस मिनिटांत केला. काम उत्तम, पैसे वाजवी, हात सफाईचा. म्हणूनच हे लिहायचं. हात वाईट असता तर वेळेची चर्चा कशाला केली असती?

त्यांनी नऊलाच आलं पाहिजे, असं माझं म्हणणं नाही. धंदा त्यांचा, सकाळ त्यांची. अकराला यायचं असेल तर पाटीवर अकरा लिहावं. कुकरवाल्या बाई अकराला येतील.