छातीची सोनोग्राफी आणि कायद्याचे कुलूप

पोलाद कारखान्यामुळे साऱ्या देशाला ठाऊक असलेल्या भिलाईच्या लगत, छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात, उतई नावाचे छोटे नगर आहे. अशा गावात मध्यरात्री एखाद्या वृद्धाला तीव्र धाप लागली, तर तिचे कारण ठरवणे हा डॉक्टरपुढचा पहिला प्रश्न असतो. हृदय थकल्याने फुप्फुसांत पाणी उतरले आहे, जुना दमा उसळला आहे, न्यूमोनिया झाला आहे, की फुप्फुसाबाहेर हवा साठून ते दबले आहे? वरवर पाहता या सर्वांची लक्षणे सारखीच, पण उपचार वेगळे. एकाला लघवीवाटे पाणी काढणारे औषध द्यायचे, तर दुसऱ्याच्या छातीत नळी घालायची. निदान चुकले तर औषधच घात करू शकते. रुग्णाला आडवे ठेवून काढलेला एक्स-रे पुष्कळदा फसवा निघतो आणि सीटी स्कॅनसाठी मोठे रुग्णालय गाठावे लागते.

या अडचणीवर एक उपाय आहे. ध्वनिलहरी हवेतून नीट जात नाहीत, म्हणून फुप्फुसासाठी सोनोग्राफी निरुपयोगी, असे वर्षानुवर्षे मानले गेले. फ्रान्समधील अतिदक्षता तज्ज्ञ डॉ. डॅनियल लिक्टेनस्टाइन यांनी ही समजूत खोडून काढली. निरोगी फुप्फुसाचे आवरण श्वासागणिक सरकताना पडद्यावर दिसते. ते सरकत नसेल तर बाहेर हवा साठल्याची शंका घ्यावी. आडव्या रेषा उमटल्या तर फुप्फुस कोरडे. अनेक उभ्या रेषा दोन्ही बाजूंना उमटल्या तर बहुधा त्यात पाणी. त्यांनी व मेझिएर यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अतिदक्षता विभागातील २६० रुग्णांपैकी ९०.५ टक्के रुग्णांचे निदान या पद्धतीने बरोबर आले. तपासणी खाटेजवळच होते, काही मिनिटांत होते आणि किरणोत्सर्ग अजिबात नाही. अर्थात हात सरावलेला हवा, आणि आवरणापर्यंत न पोचलेला खोलवरचा दोष यात दिसत नाही.

मग हे यंत्र प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात का वापरले जात नाही? पैसा आणि मनुष्यबळ ही कारणे आहेतच. पण एक कारण प्रशासकीय आहे. हेच यंत्र गर्भलिंगनिदानासाठी वापरले गेले आणि असंख्य मुली जन्माआधीच मारल्या गेल्या. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मधील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर घसरली. छत्तीसगडमध्ये ती २०११ साली ९६९ होती. तेव्हा हा कायदा सैल करा, असे मी मुळीच म्हणणार नाही.

परंतु कायदा काय सांगतो, हेही नीट वाचले पाहिजे. २०१२ च्या नियमदुरुस्तीनुसार हलवता येणारे यंत्र नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारात, दाखल रुग्णांसाठी वापरता येते. म्हणजे खाटेजवळच्या तपासणीला बंदी नाही. अडते ते वेगळ्याच ठिकाणी. एमबीबीएस डॉक्टरांसाठी २०१४ च्या नियमांनी ठरवलेले सहा महिन्यांचे प्रशिक्षण पोट व ओटीपोटाच्या सोनोग्राफीचे आहे, छातीचे नाही. धाप लागलेल्या रुग्णाच्या डॉक्टरने गर्भाची तपासणी शिकून यावे आणि छातीची मात्र त्याला कोणी शिकवू नये, हा विसंगत प्रकार आहे. शिवाय कागदोपत्री चुकीलाही शिक्षा असल्याने यंत्र न घेणे हाच सुरक्षित मार्ग, असे रुग्णालयाला वाटू लागते. यंत्र नसेल तर कोणाची चौकशी होत नाही. निदानाअभावी रुग्ण दगावला, तर तो मात्र कोणत्याही तपासणी अहवालात येत नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. (१) फक्त छातीच्या तपासणीसाठी वेगळे, छोटे प्रशिक्षण व वेगळी परवानगी केंद्राने नियमांत आणावी. (२) अतिदक्षता आणि अपघात विभागांच्या नोंदणी अर्जांवर समुचित प्राधिकाऱ्याने स्वतःहून लक्ष ठेवून मुदतीत निर्णय द्यावा. (३) छातीच्या नावाखाली गर्भ पाहिला जाईल, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर यंत्रावरील नोंदीत आहे. कोल्हापुरात लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना प्रत्येक सोनोग्राफीची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ उपकरण यंत्रांना जोडण्याचा प्रयोग झाला होता. पाळत यंत्राच्या वापरावर ठेवता येते, हे त्यातून दिसले.

गैरवापर रोखणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे. सद्‌वापर शक्य करणे हेही आहे. पहिले पार पाडले म्हणून दुसऱ्यातून सुटका होत नाही. उतईच्या रुग्णाला श्वास हवा आहे, आणि त्यासाठी एकाही मुलीचे संरक्षण कमी करावे लागणार नाही.