चांदणी नसलेला आकडा

आमच्या घरात लॅबचा रिपोर्ट आला की एकच काम असतं. चांदण्या शोधायच्या! आकडा मर्यादेबाहेर गेला की लॅबवाले त्याच्यापुढे चांदणी छापतात. बाबांना मधुमेह होऊन १४ वर्षं झाली, त्यामुळे या कामात मी स्वतःला अर्धा डॉक्टर समजायला लागलो होतो.

तर झालं असं. तीन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टात बाबांचं एलडीएल, म्हणजे ते 'वाईट' कोलेस्टेरॉल, ९६ होतं. चांदणी नाही. एचडीएल ३४ आणि ट्रायग्लिसराइड २१०, त्यांच्यापुढे चांदण्या होत्या, पण ते काय, थोडंफार इकडेतिकडे चालायचंच. तरी डॉक्टरांनी रोज रात्री स्टॅटिनची एक गोळी लिहून दिली. बाबा म्हणाले, "कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे ना, मग ही कशाला?" आणि मी, घरातला शहाणा, म्हणालो, "खरंय. राहू द्या."

अकरा महिन्यांनी बाबांना जिना चढताना धाप लागायला लागली. छातीत कळ नाही, काही नाही. आईने ओवा दिला, मी अ‍ॅसिडिटीची गोळी दिली. चौथ्या दिवशी ईसीजी काढला तेव्हा कळलं की हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलाय. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात नसा बधिर होतात आणि अशी कळ जाणवतच नाही, हे तेव्हा समजलं. दोन स्टेंट बसले. बाबा आता बरे आहेत. मला ते याबद्दल एका शब्दानेही बोलले नाहीत, हे जास्त लागतं.

मग मी वाचायला बसलो. आधी वाचायला हवं होतं. असो.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून ते वाहनातून फिरतं. एलडीएल हे त्यातलं एक वाहन. आता गंमत बघा. रिपोर्टातला ९६ हा आकडा वाहनांचा नसतोच, तो प्रवाशांचा असतो. ६० माणसं एका एसटीत बसली काय आणि २० रिक्षांत बसली काय, प्रवासी ६०च. पण रस्त्यावर गर्दी कुणाची जास्त? धमनीच्या भिंतीत घुसतात ती वाहनं!

टाइप २ मधुमेहात नेमक्या या रिक्षा वाढतात. इन्सुलिनचं कुणी ऐकत नाही, म्हणून चरबीच्या पेशी आपली चरबी धरून ठेवत नाहीत. ती यकृताकडे जाते, आणि यकृत ट्रायग्लिसराइडने भरलेली वाहनं रक्तात सोडत बसतं. ही वाहनं वाटेत एलडीएल आणि एचडीएलशी देवाणघेवाण करतात, ट्रायग्लिसराइड देतात आणि कोलेस्टेरॉल घेतात. पुढे हे ट्रायग्लिसराइड कापलं गेलं की एलडीएलचे कण लहान आणि घट्ट होतात. एचडीएलचे कणही आक्रसून लवकर नाहीसे होतात. म्हणजे बाबांच्या रिपोर्टातल्या त्या दोन चांदण्या आणि बिनचांदणीचा ९६, ही तिन्ही एकाच गोष्टीची तोंडं होती. मी दोन झाकून एकाकडे बघितलं.

"पण बाबा तर काटकुळे," असं आत्या म्हणाली. आत्या, पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपल्या दोघांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! काटकुळेपणावर आपण भारतीयांनी फार विसंबू नये.

त्याच वर्षी ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या 'कार्ड्स' या अभ्यासाचे निष्कर्ष आले. टाइप २ मधुमेहाचे २,८३८ लोक, हृदयविकार आधी नसलेले, एलडीएलही फार वाढलेलं नाही. निम्म्यांना रोज १० मिलिग्रॅम अ‍ॅटॉरव्हास्टॅटिन, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. औषधवाल्यांत हृदयविकार, पक्षाघात वगैरे मोठे प्रसंग ३७ टक्क्यांनी कमी झाले आणि अभ्यास जवळजवळ दोन वर्षं आधीच थांबवला गेला. म्हणजे बाबांची गोळी त्या ९६साठी नव्हतीच. ती मधुमेहासाठी होती.

माझं म्हणणं एवढंच. आपण मधुमेहाला 'साखरेचा आजार' म्हणतो आणि साखरेवरच पहारा ठेवतो. चहा बिनसाखरेचा केला की कर्तव्य संपलं! प्रत्यक्षात तो चरबीच्या वाहतुकीचाही आजार आहे, आणि माणूस बऱ्याचदा जातो तो हृदयाने.

मामा, काकू, तुम्ही हे वाचताय हे मला ठाऊक आहे. एक वजाबाकी करा. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. जे उरतं त्यात सगळी त्रासदायक वाहनं येतात. बाबांचं तेव्हा १७२ वजा ३४, म्हणजे १३८ होतं. मधुमेह्याचं हे १००च्या खाली असलेलं बरं, असं बरेच डॉक्टर सांगतात. तुमचा आकडा घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. आणि गोळी नको वाटली तर त्यांच्याशी भांडा, पण घरातल्या शहाण्याला विचारून बंद करू नका.

परवा नवा रिपोर्ट आला. मी उघडायच्या आधी बाबांनीच समासात पेन्सिलने वजाबाकी करून ठेवली होती. ८८. खाली दोन रेघा मारलेल्या, शाळेत मारायचो तशा.