न ऐकलेल्या हाकेची तीन नाटकं



झाशी जिल्ह्यात बेतवा नदीकाठी एरच नावाचं गाव आहे. होलिका प्रल्हादाला घेऊन आगीत बसली ती इथेच, असं तिथले लोक मानतात. होळी आपण दरवर्षी पेटवतो. पण वडिलांनीच ज्याचं ऐकलं नाही, त्या पोराचं काय झालं असेल? आज अशीच तीन छोटी नाटकं सुचवतेय.

होळी : महेश एलकुंचवारांची एकांकिका. सणाची सुट्टी न मिळाल्याने कॉलेजची मुलं चिडतात आणि तो राग शेवटी आपल्यातल्याच एकाच्या जिवावर उठतो. घरात कॉलेजला जाणारं कुणी असेल तर सोबत वाचा. केतन मेहतांनी यावर 1984 मध्ये सिनेमाही केला.

डाकघर : रवींद्रनाथ टागोरांचं नाटक. आजारी अमलला बाहेर जायची मनाई आहे. तो खिडकीत बसून दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी दोस्ती करतो. 1942 मध्ये नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलं होतं त्या वॉर्सामध्ये यानुश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातल्या मुलांनी हे नाटक केलं. काही आठवड्यांतच त्या मुलांना मृत्युछावणीत नेलं गेलं.

रायडर्स टू द सी : आयरिश लेखक सिंग यांची 1904 ची एकांकिका. समुद्राने मुलं हिरावलेली आई उरलेल्या मुलाला अडवते. तो ऐकत नाही आणि ती आशीर्वाद न देताच त्याला जाऊ देते. पुढे ते शब्द तिच्या घशातच राहतात.

या रविवारी टीव्ही बंद करून एक तरी नाटक घरात मोठ्याने वाचा. आणि वाचून झाल्यावर, ज्याच्याशी अबोला आहे त्याला एक फोन कराल ना?