डेंग्यूवर अजून गोळी का नाही? प्रोटीनच्या खाचेत औषध कसं शोधतात?

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून घरोघरी पिंप आणि टाक्या भरून ठेवाव्या लागतात. एडिस डासाला तेवढं पुरतं. पण डेंग्यू झालाच तर विषाणूवर थेट वार करणारं मान्यताप्राप्त औषध जगात कुठेच नाही. पॅरासिटामॉल, सलाइन आणि प्लेटलेट्सवर लक्ष, इतकंच.

मग ते शोधतात कसं?

पेशीत शिरल्यावर डेंग्यूचा विषाणू आपली प्रोटीन्स एका लांब साखळीत बनवून घेतो. ती कापून सुटी करायला त्याचीच 'कात्री' लागते, म्हणजे प्रोटिएज. कात्रीच्या पात्यात काही अडकवलं की विषाणूची वाढ थांबते.

पात्यात नेमकं काय बसेल, ते 'फ्रॅगमेंट स्क्रीनिंग'मध्ये बघतात. प्रोटिएजचे स्फटिक बनवून प्रत्येकात एकेक चिमुकला रेणू मुरवतात आणि क्ष-किरण सोडतात. रेणू कुठे चिकटला ते अणूपर्यंत दिसतं. हे तुकडे एकटे कमकुवत असतात. शेजारी बसलेले दोन-तीन जोडून किंवा एकच वाढवत नेऊन औषध घडवायचं असतं.

कोरोनाच्या प्रोटिएजवर ब्रिटनच्या 'डायमंड लाइट सोर्स'मध्ये २०२० साली हेच झालं. १,२५० हून अधिक तुकडे तपासले, त्यातले ७१ नेमके खाचेत सापडले. माहिती लगेच खुली केली. त्यातून उभ्या राहिलेल्या 'कोविड मूनशॉट'कडे जगभरातून १८,००० हून जास्त रेणूंचे आराखडे आले. पेटंट नाही!

डेंग्यूचं प्रकरण जास्त अवघड आहे. त्याच्या प्रोटिएजची खाच उथळ आहे, रेणू टिकत नाही. शिवाय विषाणूचे प्रकार चार, औषध चारहींवर चालायला हवं.

खरी अडचण मात्र पैशांची. मूनशॉटवाल्यांनीच पुढे 'असॅप डिस्कव्हरी' काढून झिका-डेंग्यूच्या कुळाकडे मोर्चा वळवला. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने या कार्यक्रमाचा निधी तोडला. डेंग्यूचा मोठा भार भारतासारख्या देशांवर असताना त्यावरचं संशोधन वॉशिंग्टनच्या एका निर्णयावर लटकावं, हे पटणारं नाही. तसा प्रोटीन स्फटिकांसाठीचा क्ष-किरण झोत इंदूरच्या 'इंडस-२'मध्ये आहे. औषधांना लागणारी रसायनं तर सोलापूरच्याच चिंचोळी एमआयडीसीत बनतात.

तोपर्यंत ताप आला तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पिंप आठवड्यातून एकदा नुसतं रिकामं करून भागत नाही, आतून घासावं लागतं. एडिसची अंडी भिंतीला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात.