कोठार नव्हे, वाहक

गेल्या अंकातील पत्रात कार्बन नॅनोट्यूबला, म्हणजे कार्बन अणूंच्या थराची गुंडाळी होऊन बनलेल्या अतिसूक्ष्म नळीला, हायड्रोजनचे भावी कोठार ठरवले आहे. परंतु वजनाच्या ५ ते १० टक्के हायड्रोजन मावण्याचा १९९७ सालचा गाजलेला अंदाज ज्या नमुन्यावर बेतला होता, त्यात नळ्या नाममात्रच होत्या. पुढच्या काही नमुन्यांत तर, नळ्यांची टोके उघडण्यासाठी वापरलेल्या ध्वनिकंपकाच्या दांड्यातून झिजलेला टायटॅनियम मिश्रधातूच हायड्रोजन शोषत असल्याचे उघड झाले. सामान्य तापमानाला नळ्यांत मावणाऱ्या हायड्रोजनचे प्रमाण वजनाच्या १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याखालीच राहते. पण म्हणून नॅनोट्यूब टाकाऊ ठरत नाही.

संमिश्रात, म्हणजे दोन किंवा अधिक पदार्थांच्या जोडणीत, तिचे खरे काम वीज वाहण्याचे आहे: मॉलिब्डेनम डायसल्फाइड हा पाण्यातून हायड्रोजन सोडवणारा स्वस्त उत्प्रेरक स्वतः वीज नीट वाहत नाही व मुख्यतः कडांवरच क्रियाशील असतो, तेव्हा नळ्यांच्या जाळ्यावर त्याचे बारीक कण वाढवले की इलेक्ट्रॉन त्या कडांपर्यंत सहज पोहोचतात. लिथियम बॅटरीच्या विद्युतअग्रातही नळ्या हेच वीज वाहण्याचे काम करतात. तथापि पाण्याच्या विघटनाला सिद्धांततः लागणारे १.२३ व्होल्ट कोणताही उत्प्रेरक वाचवू शकत नाही. तो फक्त त्यावरचा जादा खर्च कमी करतो.