हुकूम झेलणारे आणि हुकूम देणारे

पारोळा, साक्री, चोपडा, कोणत्याही तालुक्याच्या सडकेवर पहाटे उभे राहा. शेतकऱ्याची, सुताराची, कुंभाराची पोरे भरतीसाठी धावताना दिसतील. बाप छाती फुगवून सांगतो, "आमना पोऱ्या फौजमा जाई!" शाबास! पण आमचा सवाल असा, की हा पोऱ्या हुकूम झेलायलाच का जातो? हुकूम द्यायला का नाही?

शिपाईगिरीला आम्ही हलकी लेखत नाही. परंतु २०२२ साली अग्निवीर योजना निघाली, तिचा करार चार वर्षांचा. पुढे कायम होणार शेकडा २५ पर्यंतच, असे तेव्हाच ठरले. अधिकाऱ्याची अल्पमुदतीची नेमणूकसुद्धा दहा वर्षांची असते. हा हिशेब बापाला कोण सांगतो?

१९२० च्या कायद्याने कॉलेजांत विद्यार्थ्यांच्या पलटणी निघाल्या, तेव्हा आमच्या आजोबांना कॉलेजची पायरीही ठाऊक नव्हती. ती सबब आता संपली. १९४८ पासून राष्ट्रीय छात्रसेना आहे, १९९० पासून विद्यापीठ जळगावातच आहे. छात्रसेनेची १८ वी महाराष्ट्र बटालियन जळगावात, ४८ वी धुळ्यात आहे.

वाट अशी: पदवीच्या पहिल्याच वर्षी छात्रसेनेत नाव घालावे. 'सी' दाखला निदान 'बी' श्रेणीत आणि पदवीला शेकडा ५० गुण मिळवावेत. मग छात्रसेनेच्या खास प्रवेशाला लेखी परीक्षा नाही. अर्जांतून निवड झाली की पाच दिवसांची मुलाखत व कसोटी, वैद्यकीय तपासणी, आणि गुणवत्ता यादीत नाव लागले की चेन्नईची अकादमी. मुलींनाही ही वाट खुली आहे. मुलाखतीच्या तयारीसाठी नाशिक रोडला सरकारचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे.

मग अडते कोठे? कित्येक कॉलेजांत छात्रसेना म्हणजे २६ जानेवारीची कवायत आणि पाहुण्यांना सलामी! पोर तीन वर्षे बूट चमकवते, दाखला ट्रंकेत ठेवते, आणि बाप कापसाचे पैसे भरतीच्या खासगी क्लासात ओततो. दाखल्याची किंमत न सांगणारा गुरू कसला?

आम्ही खेड्यातले मास्तर. दोष आमच्याही पदरी आहे. दहावीच्या पोराला आम्ही "धाव" म्हणालो, "शीक आणि धाव" म्हणालो नाही. बंधूंनो, भगिनींनो, यंदा पोरगा वा पोरगी कॉलेजात घालाल तेव्हा फीची पावती घेण्याआधी एकच विचारा: छात्रसेनेचे नाव कोठे नोंदवायचे?